घरी १२७, सामन्यात १२४: पॉवर फॅक्टर कुठे गळतो आणि काडतूस का अडकतं

प्रश्न थोडक्यात असा: आयपीएससी (प्रॅक्टिकल नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) प्रॅक्टिकल पिस्तूल, प्रॉडक्शन डिव्हिजन (फारसे बदल न केलेल्या पिस्तुलांचा गट), ९×१९ मिमी. काडतुसं स्वतः भरलेली, गोळी १२४ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक), कोटेड म्हणजे रंगासारखं आवरण दिलेली शिशाची. घरच्या क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) पॉवर फॅक्टर, म्हणजे वजन आणि वेगावरून काढलेला जोराचा आकडा, १२७ आला होता, सामन्यात १२४ भरला आणि सगळा स्कोअर गेला. शिवाय दोन स्टेजवर (सामन्यातल्या टप्प्यांवर) काडतूस चेंबरमध्ये पूर्ण बसलंच नाही. आता नवा प्रेस (काडतुसं भरायचं यंत्र) घ्यावा, १४७ ग्रेनच्या गोळीवर जावं, की ट्रिगरचं काम करून घ्यावं?

तिन्ही नको, निदान आत्ता तरी. तुमच्याकडच्या प्रेसवर आणि याच गोळीवर दोन्ही तक्रारी मिटतील. वरवर पाहता एक तक्रार वेगाची आहे आणि दुसरी मापाची, पण दोन्हींचं मूळ एकच. एका दिवशी, एका पिस्तुलात, मोजक्या काडतुसांवर जे जमलं ते कुठेही जमेल असं तुम्ही धरून चाललात. सामन्यासाठीच्या काडतुसात गाळा, म्हणजे थोडी मोकळीक, ठेवावा लागतो, वेगातही आणि मापातही.

आधी एक सांगून ठेवतो. दारू किती भरायची याचा आकडा मी देणार नाही. तो दारूच्या जातीवर, गोळीच्या आकारावर, एकूण लांबीवर आणि तुमच्या नळीवर ठरतो. दारूच्या उत्पादकाने त्या वजनाच्या गोळीसाठी छापलेला तक्ता घ्या, खालच्या आकड्यापासून सुरू करा आणि वरचा आकडा ओलांडू नका. काडतूस भरण्याची परवानगी, दारू आणि प्रायमर (ठोक्याने पेट घेणारी बुडाची टोपी) बाळगण्याची मर्यादा हे जिथे राहता तिथल्या कायद्याप्रमाणे आधी तपासा.

वेगाचा हिशेब

पॉवर फॅक्टर म्हणजे गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रतिसेकंदात, भागिले १०००. मायनर आणि मेजर असे जोराचे दोन वर्ग असतात; मायनरची किमान मर्यादा १२५. प्रॉडक्शनमध्ये मायनरच धरतात, त्यामुळे मेजरच्या वाटेला जायचं कारण नाही. १२४ ग्रेनच्या गोळीला १२५ गाठायला १००८ फूट आणि वर किंचित वेग हवा. तुमचा १२७ म्हणजे साधारण १०२४ फूट. तुमच्या हातात फक्त १६ फुटांचा गाळा होता.

हे १६ फूट कसे जातात ते बघा. पेटीवर १२४ लिहिलेलं असतं, पण सामन्यातल्या क्रोनोग्राफच्या मेजावर गोळी काढून वजन करतात तेव्हा जे भरेल तेच वजन धरतात. कोटेड गोळीचं वजन अर्धा ग्रेन इकडेतिकडे असणं नेहमीचं आहे. समजा १२३.६ भरली. आता १२५ साठी १०११ फुटांच्या वर वेग लागतो, म्हणजे तीन फूट गेले. दोन क्रोनोग्राफांमध्ये एक टक्क्याचा फरक सहज असतो, ते दहा फूट. प्रकाशावर चालणारं यंत्र असेल तर ढगाळ सकाळ आणि रणरणती दुपार यांतही आकडे हलतात. उरले दोन-तीन फूट, आणि त्या दिवशी हवा थोडी थंड. १२३.६ गुणिले १०१० भागिले १००० केलं की १२४.८४ येतात. नियमानुसार अंतिम उत्तरातले दशांश सोडून देतात, म्हणजे १२४.९९ हे सुद्धा १२४ च. तुमच्या पिस्तुलात किंवा दारूत बिघाड नाही, गाळाच नव्हता.

सामन्यातली पद्धत माहीत असली की घरची चाचणीही तशीच घेता येते. तुमच्याकडून आठ काडतुसं घेतात. एकाची गोळी काढून वजन करतात. तीन तुमच्याच पिस्तुलातून झाडून त्यांच्या वेगाची सरासरी काढतात. कमी पडलं तर आणखी तीन, आणि मग सहांतल्या सर्वात वेगवान तीनची सरासरी. तरीही कमी पडलं तर आठवं काडतूस उरतं. ते फोडून गोळीचं वजन करायचं की झाडायचं हे तुम्ही ठरवायचं. वजन केलं आणि गोळी पहिलीपेक्षा जड निघाली तर ते वजन धरतात. झाडलं तर सातांतल्या वेगवान तीनची सरासरी. मेजरचा दावा करणारा घसरला तर मायनरवर येतो. मायनरवाल्याला मात्र खाली पायरीच नाही: स्टेज झाडत राहता येतं, स्कोअर मिळत नाही.

म्हणून मायनरसाठी मी १३० ते १३२ धरतो. १२४ ग्रेनला १०५० फूट म्हणजे १३०.२, आणि मर्यादेपासून ४२ फुटांचा गाळा. हातात जाणवणारा फरक १२७ आणि १३१ मध्ये नगण्य असतो. काहीजण १२६ वर मऊ काडतूस भरल्याचा अभिमान बाळगतात. तो अभिमान क्रोनोग्राफच्या टेबलापर्यंतच टिकतो.

मोजताना तीन काडतुसांवर भागवू नका. किमान दहा झाडा, तेही सामन्याच्याच पिस्तुलातून. नळीची लांबी वेगळी असली की वेग बदलतो, आणि एकाच लांबीच्या दोन नळ्याही सारखा वेग देत नाहीत. दहा गोळ्या वजन करून त्यांतली सर्वात हलकी हिशेबाला घ्या. काटा आधी रिकामा शून्यावर आणून त्याच्या चाचणी वजनाने तपासा, पंख्याखाली वजन करू नका. दहा वेगांतला सर्वात कमी आकडा मर्यादेच्या वर असेल तर निश्चिंत राहा. सरासरी वर पण दोन-तीन काडतुसं खाली, असं असेल तर दारू वाढवण्याआधी वेग एवढा का पसरतो ते शोधा. बहुतेक वेळा दारूमाप हलत असतं किंवा प्रेसचा दांडा दर वेळी सारखा खाली जात नसतो.

आणखी एक चाचणी बरेचजण टाळतात. ९ मिमीच्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) काही दारू जेमतेम अर्धी जागा भरते. झाडण्याआधी पिस्तूल सुरक्षित दिशेने खाली झुकवून मग हळू वर आणलं तर दारू गोळीकडे सरकते, वर झुकवून आणलं तर प्रायमरकडे. दोन्ही पद्धतींनी पाच-पाच झाडून बघा. वेगात मोठा फरक आला तर त्या दारूला जास्त गाळा द्या किंवा पुंगळी अधिक भरणारी दारू निवडा. तापमानाचंही तसंच: ज्या हवेत सामने होतात तिच्या दोन्ही टोकांना एकदा मोजून वहीत लिहून ठेवा. काडतुसाची पेटी उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.

१४७ ग्रेनचं म्हणाल, तर जड गोळीचा धक्का संथ वाटतो आणि बऱ्याचजणांना तो आवडतो. १३० साठी तिला ८८५ फूट पुरतात. पण क्रोनोग्राफची अडचण तिने सुटत नाही. १२४ ग्रेनला दहा फुटांनी पॉवर फॅक्टर १.२४ ने हलतो, १४७ ला १.४७ ने. वेगाची तीच चूक जड गोळीला जास्त महाग पडते. त्यात १४७ ची गोळी लांब असते, पुंगळीत खोल बसते, आणि काही नळ्यांत तिच्यासाठी एकूण लांबी कमी करावी लागते. तुमचं आताचं दुखणं मापाचं असताना ती गुंतागुंत कशाला? आधी १२४ नीट जमू द्या.

काडतूस का अडकलं

ही तक्रार मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. समजा १२ फैरींची स्टेज आहे, कमाल ६० गुण. तुम्ही ५४ गुण ९ सेकंदांत केलेत: हिट फॅक्टर (गुण भागिले सेकंद) ६. आता एकच काडतूस अडकलं, ते मोकळं करून पुढे जायला तीन सेकंद गेले. ५४ भागिले १२, म्हणजे साडेचार. एका काडतुसाने चौथाई स्टेज खाल्ली. ट्रिगरचं काम करून दोन फैरींमधल्या वेळेत शतांश सेकंद वाचतात. तीन सेकंद भरून काढायला असे किती शतांश लागतील ते तुम्हीच मोजा.

तर आता करायचं काय. पिस्तूल रिकामं करा, दोनदा तपासा, नळी काढा. स्वच्छ पुसलेल्या चेंबरमध्ये तुमचं काडतूस नुसतं सोडा. ते टक असा आवाज करून बसलं पाहिजे, बोटाने गोल फिरवलं तर मोकळं फिरलं पाहिजे आणि नळी उलटी केली की आपल्या वजनाने बाहेर पडलं पाहिजे. तिन्हींपैकी एकही झालं नाही तर ते सामन्याचं काडतूस नव्हे.

कुठे अडतंय हे कळायला एक साधी युक्ती आहे. काडतूस गोळीपासून बुडापर्यंत काळ्या मार्करने रंगवा, सुकू द्या, चेंबरमध्ये घालून अर्धा फेरा फिरवा आणि बाहेर काढून उजेडात धरा. शाई जिथे खरवडली तिथे चूक. खरवड तीनपैकी एका जागी दिसते.

गोळीच्या खांद्यावर चकाकती रेघ दिसली तर गोळी नळीतल्या आट्यांना (आतल्या पिळाच्या कडांना) टेकते आहे. काडतूस जरा लांब झालंय. ९ मिमीची कमाल एकूण लांबी २९.६९ मिमी असते, पण तो फक्त वरचा आकडा. तुमच्या गोळीचा आकार आणि तुमची नळी ही लांबी आणखी खाली आणतात, आणि कोटेड गोळ्यांचे खांदे रुंद असल्याने हे त्यांच्या बाबतीत सर्रास घडतं. गोळी दशांश मिलिमीटरच्या पावलांनी खोल बसवत जा. मोकळी फिरेल तिथून आणखी ०.३ ते ०.४ मिमी कमी करा, कारण गोळ्यांच्या आकारातही थोडा फरक असतो. पण लांबी कमी केली की पुंगळीतली जागा कमी होते आणि दाब चढतो. ९ मिमीमध्ये तो झपाट्याने चढतो. म्हणून लांबी बदलली की दारू पुन्हा खालच्या आकड्यावर नेऊन वर यायचं. ही पायरी वगळू नका, वेळ कितीही कमी असो.

पुंगळीच्या तोंडाशी कडं खरवडलं असेल तर गोळी बसवण्यासाठी तोंड जे पसरवलं होतं ते पूर्ण मिटलेलं नाही. क्रिंप डाय (तोंड आवळणारा साचा) थोडी खाली घ्या. ९ मिमीची पुंगळी चेंबरमध्ये तोंडावर टेकते, त्यामुळे इथे तोंड दुमडणारी रोल क्रिंप नको, सरळ करणारी टेपर क्रिंप हवी. कॅलिपरने तोंडाशी ९.६० ते ९.६५ मिमी भरलं की पुरे. त्याहून आवळलं तर गोळी घट्ट बसते हा गैरसमज आहे. उलटं होतं: पितळ थोडं परत उघडतं, मऊ शिसं मात्र दबलेलंच राहतं आणि गोळी सैल पडते. जास्त आवळल्याची आणखी एक खूण म्हणजे कोटिंग कापलं जातं. एखादी गोळी काढून बघा, रंगाखाली शिशाची चमकती रेघ दिसली तर डाय वर घ्या.

तिसरी जागा बुडाजवळ, कड्याच्या जरा वर. तिथली शाई गेली तर पुंगळी फुगलेली आहे आणि साइझिंग डायने (मूळ मापावर आणणाऱ्या साच्याने) ती पूर्ण दाबली नाही. बहुधा डाय पुरेशी खाली नसते: दांडा पूर्ण दाबल्यावर डाय आणि शेलप्लेट (पुंगळ्या धरणारी तबकडी) यांच्यात उजेड दिसतो. उचललेल्या पुंगळ्यांमध्ये हे जास्त. कोणी कोणत्या पिस्तुलात झाडली, किती वेळा झाडली, काहीच माहीत नसतं. सामन्यासाठी एकाच छापाच्या पुंगळ्या वेगळ्या काढून ठेवा, सरावाला मिश्र चालतात. काही पुंगळ्यांच्या आत पायरी असते, त्या पहिल्या फेरीतच बाद करा. आणि काही लष्करी पुंगळ्यांत प्रायमरच्या खळग्याभोवती दाबलेलं कडं असतं. ते न कापता नवा प्रायमर बसवला तर तो वाकडा किंवा उंच राहतो.

उंच प्रायमर ही वेगळी डोकेदुखी. पहिल्या ठोक्याला टिक आवाज, दुसऱ्याला फैर, असं होत असेल तर पहिला ठोका प्रायमर जागेवर बसवण्यात खर्च झाला. ट्रिगर हलकं करण्यासाठी हॅमर किंवा स्ट्रायकरची स्प्रिंग हलकी केलेली असेल तर हे वाढतं. ट्रिगरचं काम पुढे ढकला म्हणतो त्याचं हेही एक कारण. प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित आत हवा. भरलेली काडतुसं बुड वर करून पेटीत लावा आणि बोट फिरवा, उंच असलेला लगेच बोटाला लागतो.

गोळी किती घट्ट बसली आहे हे बघायला काडतुसाची लांबी मोजा, गोळीचं टोक लाकडी टेबलाच्या कडेवर अंगठ्याने जोर लावून दाबा आणि पुन्हा मोजा. लांबी बदलता कामा नये. बदलली तर स्लाइड पुढे जाताना चेंबरच्या उतारावर आपटूनही ती आत सरकणार, आणि आत सरकलेली गोळी म्हणजे चढलेला दाब. मग तोंड कमी पसरवा, क्रिंप तपासा, तरीही सरकली तर पुंगळी बदला.

सामन्याची सगळी काडतुसं, एकही न सोडता, गेजमधून (चेंबरच्या मापाच्या ठोकळ्यातून) किंवा सुट्या नळीतून काढायची. दोनशे काडतुसांना फार वेळ लागत नाही. नापास झालेली सरावाच्या डब्यात, अगदी अडणारी फोडायची.

मॅगझिन

दोष नेहमी काडतुसाचाच असतो असं नाही. मॅगझिनच्या तळाला नंबर टाका आणि अडकलं की कोणत्या नंबरमध्ये अडकलं ते लिहा. तीनदा एकच नंबर आला तर काडतुसावर वेळ घालवू नका. ओठ वाकलेत का, स्प्रिंग दमलीय का, फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारा भाग) कडेला घासतोय का बघा. जमिनीवर पडलेलं मॅगझिन त्या स्टेजनंतर उघडून ब्रशने पुसा, त्यात तेल ओतू नका, धूळ चिकटते. प्रॉडक्शनमध्ये सुरुवातीच्या सिग्नलला मॅगझिनमध्ये १५ पेक्षा जास्त काडतुसं चालत नाहीत. त्यामुळे १७ मावणाऱ्या मॅगझिनलाही बंद स्लाइडवर बसताना त्रास होत नाही. पाच मॅगझिन असली की ३२ फैरींच्या लांब स्टेजलाही निवांत.

प्रेसवर बसताना

नवा प्रेस घेतला तर वेग वाढेल, नीटपणा आपोआप येणार नाही. टेबलावर एका वेळी एकच दारू, तिचा डबा प्रेसशेजारी, काम संपलं की मापातली दारू त्याच डब्यात परत. डोळ्यांवर चष्मा. दिवा असा लावा की गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीतली दारू दिसेल, आणि ती खरोखर बघा. लय तुटली, फोन आला, प्रायमर अडकला, तर शेलप्लेटवरच्या सगळ्या पुंगळ्या काढून बाजूला ठेवा आणि पहिल्यापासून सुरू करा. दुप्पट दारू आणि दारूच न पडलेली पुंगळी, दोन्ही अशाच खंडानंतर निपजतात.

दारूविना पुंगळी जास्त फसवी, कारण नुसता प्रायमरही गोळी नळीत अर्ध्यावर नेऊन अडकवू शकतो. स्टेजवर आवाज फुसका आला किंवा धक्का जाणवला नाही, तर हाताला लागलेली सवय म्हणजे स्लाइड ओढून पुढची फैर. तिथेच थांबायचं. रेंज ऑफिसरही 'स्टॉप' म्हणेल. नळीत गोळी असताना दुसरी झाडली तर नळी फुगते, कधी फाटते, आणि शेजारी माणसं उभी असतात. घड्याळ पळत असलं तरी.

पैसा कुठे घालायचा

क्रोनोग्राफ तुमच्याकडे आहे, आता केस गेज आणि चांगला कॅलिपर घ्या. मग पट्टा आणि होल्स्टर तपासा. पट्टा ताठ हवा, पिस्तूल ओढताना होल्स्टर वर उचललं जाता कामा नये. प्रॉडक्शनमध्ये पिस्तूल आणि मॅगझिन शरीरापासून ५० मिमीपेक्षा लांब नकोत, आणि होल्स्टर कमरेच्या हाडाच्या पुढे नको. त्यानंतर शॉट टायमर (फैरींची वेळ मोजणारं घड्याळ). घरी रिकाम्या पिस्तुलाचा सराव करताना त्या खोलीत काडतूसच ठेवू नका, सराव संपला की मोठ्याने स्वतःला सांगा की संपला, आणि पिस्तूल कुलपात.

ट्रिगरआधी एक आकडा डोक्यात ठेवा. मायनरमध्ये लक्ष्याच्या मधल्या ए झोनला ५, त्याबाहेरच्या सीला ३, डीला १. हिट फॅक्टर ६ च्या स्टेजवर एक सेकंद सहा गुणांचा, म्हणजे सीचं ए करायला तिसरा हिस्सा सेकंद जास्त लागला तरी बरोबरी होते. डीचं ए करायला त्याच्या दुप्पट. मिस म्हणजे पाच गुण गेले आणि दहा दंड, अडीच सेकंदांची किंमत. हिट फॅक्टर १० च्या उघड्या, जवळच्या स्टेजवर हेच गणित फिरतं आणि तिथे घाई परवडते. तुमच्या शेवटच्या सामन्याची स्कोअरशीट काढा, प्रत्येक स्टेजला सी, डी आणि मिस किती ते मोजा. मिस जास्त असतील तर ट्रिगर थोडं उपयोगी पडेल. सी जास्त असतील तर साइट दिसण्याआधी चाप ओढला जातोय, आणि त्याला सुटा भाग मिळत नाही.

पुढच्या सामन्याआधी एवढं करा: नवी लांबी ठरवून, दारू खालून वर आणत १०५० फुटांच्या आसपास दहा काडतुसं मोजा, मग त्याच लॉटमधून पन्नास सलग झाडा. प्रत्येक मॅगझिनमधून किमान दहा. एकही अडकलं नाही तर उरलेला लॉट भरा, सामन्याच्या किमान फैरींपेक्षा तिसरा हिस्सा जास्त, कारण रीशूट (स्टेज पुन्हा झाडणं) होतात आणि आठ काडतुसं क्रोनोग्राफवाले घेतातच. डब्यावर तारीख, गोळीचं खरं वजन, एकूण लांबी आणि मोजलेला वेग लिहा. पन्नासात एक जरी अडकलं तरी मार्कर पुन्हा हातात घ्या आणि खरवड कोणत्या जागी आहे ते इथे कळवा, लांबी आणि तोंडाचं माप दशांशासह द्या.